मीटरमधला पिवळा दिवा लागला तर घरी काय पाहावे?



ऊसविकास विभागाने बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहावे, ही आपल्या अंकाची रीत. परंतु अलीकडे गटागटांतून आम्हाला एक निराळाच प्रश्न वारंवार विचारला जातो : "मीटरमध्ये इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लागलाय. गाडी तर चालतीय. आता काय करावं?" कुंभार पिंपळगाव आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांवर आज मोटारसायकल घरोघरी दिसते, चारचाकी आणि पिकअपही वाढल्या आहेत, आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर तर आपला सारा हंगाम उभा असतो. तेव्हा हा विषय उसाबाहेरचा आहे असे आम्हाला वाटत नाही. ऊस तोडून भरलेल्या दोन ट्रेलरसह ट्रॅक्टर वाटेत अडला, तर दर तासाला वजन घटते, साखर उतारा उतरतो आणि तोडणीची टोळी फडात बसून राहते.

हा दिवा लागला की आपल्याकडे दोन गोष्टी घडतात. कुणी त्यावर काळी चिकटपट्टी लावून मोकळा होतो. कुणी घाबरून गाडी गॅरेजला लावतो आणि समोरचा सांगेल तो पार्ट बदलून येतो. आठ दिवसांत दिवा पुन्हा हजर! पहिल्याचे इंजिन जाते, दुसऱ्याचे पैसे जातात. म्हणून दिव्याचा अर्थ नीट समजून घ्यावा.

पान पिवळे आणि दिवा पिवळा

आपल्याच पिकाचे उदाहरण घेऊ. उसाचे पान पिवळे पडले, म्हणजे काय झाले? खालची जुनी पाने पिवळी पडत असतील तर नत्र कमी. शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह कमी. चुनखडीच्या जमिनीत हे फार दिसते आणि त्याला हिराकस लागते. सरीत पाणी साचून मुळ्या गुदमरल्या, तरी पान पिवळेच. आता तिन्ही ठिकाणी युरियाच टाकला तर? रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

इंजिनाच्या दिव्याचे तंतोतंत तसेच आहे. दिवा म्हणजे तक्रार-अर्ज. तो निकाल नव्हे. काहीतरी बिघडले आहे एवढेच तो सांगतो. काय बिघडले, ते आपण पाहायचे असते.

हा दिवा आला कोठून?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मोटारींच्या धुराचा उपद्रव फार वाढला होता. धूर वाढवणारा बिघड गाडीनेच ओळखून चालकाला सांगावा, असा नियम तिथे १९८८ च्या मॉडेलपासून लागू झाला. पुढे १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना एकाच पद्धतीचे सॉकेट आणि एकाच पद्धतीचे कोड सक्तीचे झाले. आपल्याकडे युरोपच्या धर्तीवर नियम आले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा, म्हणजे बीएस-६, देशभर लागू झाले आणि दुचाकीही त्यात आल्या. ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून अधिक कडक नियम लागले, म्हणून त्यांच्यातही इंजिनाचा संगणक आणि हा दिवा दिसू लागला.

इंजिनावर ठिकठिकाणी सेन्सर बसवलेले असतात. आत येणारी हवा किती, पाण्याचे तापमान किती, इंजिन किती फेरे घेते, धुरात ऑक्सिजन किती उरला, हे सगळे सेन्सर कळवतात. ती खबर वाचून संगणक इंधनाचे माप ठरवतो. एखादी खबर चुकीची वाटली तर तो लगेच दिवा लावत नाही. पुष्कळशा बिघडांत दोन-तीन फेऱ्यांत तेच दिसले तरच लावतो. म्हणजे दिवा लागला तो बहुधा उगीच नाही.

पहिले काम : रंग आणि लुकलुक पाहा

चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हा दिवा लागतो आणि सुरू झाल्यावर विझतो. ती दिव्याची स्वतःची परीक्षा आहे, बिघाड नव्हे. उलट चावी फिरवूनही दिवा मुळीच लागत नसेल, तर जुनी गाडी विकत घेताना सावध व्हावे. कुणी तरी त्याचा आवाज बंद केलेला असू शकतो.

(१) पिवळा दिवा स्थिर, गाडी नेहमीसारखी : घाबरू नये. सावकाश घरी यावे, पण दोन-चार दिवसांत तपासणी करावीच.

(२) पेट्रोल गाडीत पिवळा दिवा लुकलुकतो आणि इंजिन थडथडते : एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन जळत नाही आणि ते तसेच सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. तो भाग लालभडक तापतो आणि निकामी होतो. नवा घ्यायचा तर फार महाग. वेग कमी करून गाडी थांबवावी. आणि हो, पाचटावर मात्र उभी करू नये!

(३) लाल दिवा, म्हणजे तेलाच्या झारीचा किंवा तापमानाचा : इथे विचार करत बसू नये. गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. ऑइलचा दाब नसताना इंजिन काही मिनिटांतच जाम होऊ शकते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते पाणी तोंडावर उडते.

दुसरे काम : बॉनेट उघडा आणि डोळ्यांनी पाहा

यंत्र विकत घेण्याआधी जे फुकट आहे ते करावे. इंजिन थंड आणि चावी बंद असताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

उंदीर : आपल्या भागात ही पहिली शंका. उसाच्या फडाला किंवा कडब्याच्या गंजीला लागून रात्रभर उभी राहिलेली गाडी म्हणजे उंदराला ऊबदार घर. तो वायरीची कातडी कुरतडतो. लेंड्या, कुरतडलेले तुकडे, गवताचे घरटे दिसते का ते टॉर्चने पाहावे. कित्येक वेळा सेन्सर ठणठणीत असतो, वायर मात्र तुटलेली असते.

बॅटरी : टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार चढला किंवा नट सैल झाला तर विजेचा दाब खालीवर होतो आणि संगणक भलभलत्या तक्रारी नोंदवतो. टर्मिनल स्वच्छ करून घट्ट करावे.

हवेचा फिल्टर : हंगामात फडातील धूळ आणि काळ्या मातीचा फुफाटा फिल्टरवर दाट थर धरतो. तो वेळेवर बदलावा. फिल्टर काढून ठेवून गाडी चालवणे म्हणजे इंजिनात वाळूच ओतणे.

नळ्या : फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी आणि बारीक व्हॅक्यूम नळ्या हाताने चाचपाव्यात. उन्हाने तडकलेल्या किंवा निसटलेल्या नळीतून न मोजलेली हवा आत शिरते आणि इंधनाचे माप चुकते.

पाणी : गाडी नुकतीच जोराच्या फवाऱ्याने धुतली आहे का? कनेक्टरमध्ये पाणी शिरले असेल. कनेक्टर सोडवून कोरडा करावा आणि पुन्हा 'टक' असा आवाज येईपर्यंत बसवावा.

पेट्रोल टाकीचे झाकण नीट लावले की दिवा विझतो, असे पुष्कळांनी ऐकले असेल. अमेरिकेतील गाड्या टाकीतून वाफेची गळती होते का, हे स्वतः तपासतात. त्यामुळे तिथे हे खरे आहे. आपल्याकडील बहुतेक गाड्यांत ती तपासणी नसते. झाकण घट्ट असावेच, पण ते धूळ-पाण्यासाठी. दिवा त्याने विझेल अशी आशा धरू नये.

तिसरे काम : कोड वाचा, लिहा, मगच पुढे चला

साधारण २०१३ नंतरच्या बहुतेक मोटारींत स्टेअरिंगखाली, गुडघ्याच्या आसपास, सोळा पिनांचे सॉकेट असते. त्यात बसणारा काडेपेटीएवढा रीडर काही शे रुपयांपासून मिळतो आणि ब्लूटूथने मोबाईलला जोडता येतो. चार-पाच सभासदांत मिळून एक घेतला तरी पुरे. औषधफवारणीचा पंप आपण शेजाऱ्याला देतोच की!

रीडर कोड दाखवतो. पी अक्षर म्हणजे इंजिन-गिअरची बाजू. पुढे ० असेल तर तो सर्व कंपन्यांना समान कोड, १ असेल तर त्या कंपनीचा खास. तिसऱ्या जागी १ किंवा २ म्हणजे हवा-इंधन, ३ म्हणजे ठिणगी आणि ज्वलन, ४ म्हणजे धूर-नियंत्रण, ५ म्हणजे वेग आणि आयडलिंग, ६ म्हणजे संगणक.

इथे एक नियम पाळावा. कोड पुसण्याआधी तो वहीत लिहावा. सोबत 'फ्रीझ फ्रेम' नावाची नोंद असते. दिवा लागला त्या क्षणी वेग, तापमान, इंजिनाचे फेरे किती होते हे तिच्यात असते. कोड पुसला किंवा बॅटरीची वायर काढली की ही नोंदही जाते, आणि रोग मात्र तसाच राहतो. वजनकाट्याची पावती फाडून ऊस वाढत नाही, त्यातलाच प्रकार! बिघाड खरोखर गेला असेल तर साधारण तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो.

मोटारसायकलवर काही कंपन्यांनी सोपी सोय ठेवली आहे. दिवा स्वतःच मिचकावून आकडा सांगतो. लांब मिचकावणी म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत तसे दिले असल्यास मोजून लिहून ठेवावे.

नेहमी भेटणारे काही कोड

पी ०११३ आणि पी ०११८ : हवेच्या आणि पाण्याच्या तापमानाचे सेन्सर. सकाळी थंड इंजिन असताना रीडरवर दोन्ही तापमाने पाहावीत. ती बाहेरच्या हवेइतकीच असावीत. आपल्या जालना जिल्ह्यात उणे ४० अंश दिसले, तर सेन्सरपर्यंतची वायर तुटली किंवा कनेक्टर निसटला असे बहुधा समजावे. आधी वायर, मग सेन्सर.

पी ०१७१ : हवा जास्त, इंधन कमी. नळी फाटली आहे का, फिल्टरपुढचा हवामापक सेन्सर धुळीने माखला आहे का, इंधनाचा फिल्टर तुंबला आहे का, या क्रमाने पाहावे.

पी ०३०१ ते पी ०३०४ : शेवटचा आकडा म्हणजे न जळणारा सिलिंडर. समजा पी ०३०२ आला. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर, इंजिन थंड आणि चावी बंद असताना, दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावावी. कोड पुसून गाडी सुरू करावी. आता पी ०३०३ आला तर कॉइल खराब. पुन्हा पी ०३०२ च आला तर प्लग किंवा इंजेक्टर पाहावा. एक रुपया खर्च न करता निदान झाले!

पी ०४२० : कन्व्हर्टरचे काम कमी. हा कोड दिसला की "कन्व्हर्टर बदला" असा सल्ला लगेच मिळतो. थांबावे. आधी सायलेन्सरच्या पाइपाला कुठे भोक आहे का, ऑक्सिजन सेन्सर ठीक आहे का, इंजिन सिलिंडर सोडते आहे का, हे पाहून घ्यावे.

पी ०५६२ : विजेचा दाब कमी. बॅटरी, टर्मिनल आणि अल्टरनेटरचा पट्टा.

पी ०००८७ असे कुणी लिहून आणले तर एक शून्य जादा आहे. कोड चारच आकड्यांचा असतो. पी ००८७ म्हणजे इंधनाचा दाब कमी, आणि डिझेल गाडीत पहिली शंका तुंबलेल्या डिझेल फिल्टरची.

डिझेल गाडी : काजळी आणि युरिया

बीएस-६ डिझेल मोटारी आणि पिकअपमध्ये धुराची काजळी अडवणारी गाळणी बसवलेली असते. मेकॅनिक तिला डीपीएफ म्हणतात. ही गाळणी अधूनमधून आतली काजळी स्वतः जाळते. त्यासाठी धूर सुमारे ५५० ते ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो. आता गाडी रोज कुंभार पिंपळगावाहून जांब समर्थ आणि जांबहून मळा एवढीच फिरली, तर ती कधी पुरेशी तापतच नाही. गाळणी भरते, दिवा लागतो. अशा वेळी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोठ्या रस्त्याने वीस-पंचवीस मिनिटे एकसारख्या वेगाने गाडी चालवली की बहुधा काम भागते. पण दिव्याकडे आठवडेच्या आठवडे दुर्लक्ष केले तर गाळणी काढून साफ करावी लागते किंवा बदलावीच लागते. काजळी जळत असताना सायलेन्सर भयंकर तापतो. तोडणी झालेल्या फडात, वाळल्या पाचटावर गाडी उभी केली तर फड पेटेल. हे घरातील मुलांना आणि ड्रायव्हरलाही सांगून ठेवावे.

दुसरी गोष्ट विशेष महत्त्वाची. बीएस-६ ट्रकमध्ये आणि काही पिकअपमध्ये डिझेलशिवाय आणखी एक छोटी टाकी असते. तीत डीईएफ भरतात. हे डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारविरहित पाणी. ते संपत आले की दिवा लागतो आणि पुढे इंजिनाची ताकद उतरते. "युरिया तर आपल्या घरातच आहे, विहिरीच्या पाण्यात कालवून टाकला तर?" असे म्हणणारे लोक आहेत. बंधूंनो, हे कदापि करू नये! आपल्या गोणीतला युरिया निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो; २०१५ पासून तो लेप देशभर सक्तीचा आहे. पिकाला तो लेप उपकारक, पण गाडीला मारक. तेल, बाययुरेट आणि विहिरीच्या पाण्यातले क्षार मिळून डीईएफचा पंप, नोझल आणि आतला कॅटॅलिस्ट यांचा सत्यानाश करतात. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वापरणे कायद्याने गुन्हा आहे. बंद डब्यातले, कंपनीने मान्य केलेले डीईएफच घ्यावे.

ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर

नव्या ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना मोटारीचा रीडर बहुधा चालत नाही. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या मीटरवरच आकडे येतात. त्यांचा मोबाईलवर फोटो काढून कंपनीच्या मेकॅनिकला पाठवावा, म्हणजे तो योग्य सामान घेऊनच निघेल.

आपल्या जुन्या ड्रायव्हर मंडळींना एक सवय आहे. इंजिन एखादा सिलिंडर सोडते असे वाटले की इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल करून कोणता सिलिंडर मेला ते शोधायचे. जुन्या पंपाच्या इंजिनावर ही युक्ती बरोबर होती. पण आताच्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब हजार बारहून अधिक असतो. मोटारीच्या टायरमध्ये तो दोन बारच्या आसपास असतो, यावरून कल्पना करावी. एवढ्या दाबाची बारीक धार कातडी फोडून हातात शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमवावा लागू शकतो. तसे झाल्यास घरगुती उपाय न करता तत्काळ दवाखाना गाठावा. चालू इंजिनावर नट सैल करणे नव्या ट्रॅक्टरला पूर्ण वर्ज्य समजावे.

हुक किंवा ड्रॉबारला वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडवाव्यात. वेल्डिंगचा प्रवाह संगणकात शिरला तर ऐन हंगामात ट्रॅक्टर उभा राहील.

रात्री रस्त्यात ट्रॅक्टर बंद पडलाच, तर दिव्याची चौकशी नंतर. आधी ट्रेलरच्या मागे लाल परावर्तक त्रिकोण ठेवावा, दगड ठेवून चाके अडवावीत आणि माणसांना रस्त्यापासून दूर उभे करावे. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला अंधारात ट्रेलर दिसत नाही. रस्ता मोकळा झाल्यावर मात्र तो दगड तिथे सोडून जाऊ नये.

इथेनॉलचा दोष किती?

आपल्या उसापासून झालेले इथेनॉल आज पेट्रोलमध्ये मिसळले जाते. हे प्रमाण २०२५ मध्ये देशात २० टक्क्यांवर पोहोचले. "दिवा इथेनॉलमुळेच लागला" असे कुणी म्हटले की आपल्याला वाईट वाटते. तरी खरे तेच सांगावे. इथेनॉलमध्ये उष्मांक पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी आणि त्यात ऑक्सिजन असतो, म्हणून इंजिनाला थोडे जास्त इंधन लागते. संगणक बहुधा ते जुळवून घेतो. गाडी जुनी, इंजेक्टर अर्धवट तुंबलेला, पंप थकलेला असेल तर मात्र त्याची मर्यादा संपते आणि पी ०१७१ येऊ शकतो. शिवाय इथेनॉल पाणी ओढते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. म्हणून पेट्रोल कॅनमध्ये महिनोन् महिने साठवू नये आणि फार दिवस उभी राहणारी गाडी जवळजवळ रिकाम्या टाकीने ठेवू नये. २०२३ पूर्वीच्या गाडीची रबरी इंधननळी वर्षातून एकदा पाहावी.

गॅरेजला केव्हा जावे?

वरील पाहणी करूनही कोड परत येत असेल, गाडी वॉरंटीत असेल, किंवा एअरबॅग, ब्रेक आणि डिझेलचा उच्च दाब यांच्याशी संबंध असेल, तर घरी हात लावू नये. पण जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. कोड कोणता, केव्हा लागला, चढावर की थंड इंजिनात, त्याआधी इंधन कुठे भरले, गाडी धुतली होती का, हे लिहिलेला कागद न्यावा. आणि पार्ट बदलण्यापूर्वी एकच प्रश्न नम्रपणे विचारावा : "हाच पार्ट खराब आहे, हे तुम्ही कशावरून ठरवलं?" चांगला मेकॅनिक या प्रश्नाने रागावत नाही, तो मोजमाप दाखवतो. जुना पार्ट परत मागून घ्यावा.

माती परीक्षण केल्याशिवाय खताची गोणी फोडू नये, असे आम्ही नेहमी सांगतो. गाडीलाही तेच लागू आहे. आधी पाहावे, मग मोजावे, मग खर्च करावा. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक वाहतूकदार सभासदाने आपल्या वाहनाचा दिवा, फिल्टर, बॅटरी आणि वायरी एकदा तपासून घ्याव्यात आणि गाडीच्या खणात एक छोटी वही ठेवावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.